तार्किक मूल्यांचे संख्यांत रूपांतर

स्प्रेडशीटमध्ये अट तपासली की उत्तर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ येते. त्यावर बेरीज-गुणाकार करता यावा म्हणून ‘ट्रू’चा १ आणि ‘फॉल्स’चा ० करून घेणे म्हणजे हे रूपांतर. तर्क ० आणि १ वर बीजगणितासारखा चालवण्याचा पाया जॉर्ज बूल (१८१५–६४) यांनी १८४७ साली घातला.

एक्सेलमध्ये ‘ट्रू’ ही संख्या नव्हे; =ट्रू=१ असे विचारल्यास उत्तर ‘फॉल्स’ येते. मात्र गणिती चिन्ह लागले की त्याचा १ होतो. म्हणून १ ने गुणतात, ० मिळवतात किंवा अटीआधी दोन उणे चिन्हे देतात : पहिल्याने -१ होतो, दुसऱ्याने पुन्हा १. एकाच सेलसाठी ‘एन’ हे फंक्शनही पुरते.

रूपांतर विसरले तर नुकसान गुपचूप होते. बेरीज करणारे ‘सम’ फंक्शन रेंजमधली (निवडलेल्या सेलमधली) तार्किक मूल्ये वगळते आणि ओळीओळीने गुणून बेरीज करणारे ‘सम्प्रॉडक्ट’ त्यांना शून्य धरते. एररचा संदेश येत नाही, बेरीज फक्त चुकीची येते. हिशेबात याहून वाईट काही नाही.

समजा, करवीर तालुक्यातील एका दूध संस्थेच्या शीटमध्ये म्हशीच्या दुधाच्या पाच नोंदी आहेत. बी रकान्यात वेळ : सकाळ, संध्याकाळ, सकाळ, सकाळ, संध्याकाळ. सी मध्ये लिटर : ४, ५, ३, ६, ४. डी मध्ये फॅट : ६.८, ७.१, ५.७, ६.२, ५.९. सकाळचे, सहा किंवा त्याहून जास्त फॅटचे दूध किती?

=सम्प्रॉडक्ट((बी२:बी६="सकाळ")*(डी२:डी६>=६)*सी२:सी६)

पहिली अट १, ०, १, १, ० देते. दुसरी १, १, ०, १, ०. गुणाकारात पहिली आणि चौथी ओळ उरते, उत्तर १० लिटर. इथे ‘अँड’ चालत नाही, कारण ते सगळ्या रेंजचे मिळून एकच उत्तर देते. ‘सकाळचे किंवा सहाच्या वरचे’ असे हवे असल्यास अटींची बेरीज करतात. पण दोन्ही अटी पाळणाऱ्या ओळीला २ मिळून तिचे दूध दुप्पट धरले जाते. म्हणून बेरीज शून्याहून मोठी आहे का, हे तपासून मगच गुणावे.

नुसत्या ‘आणि’च्या अटींसाठी एक्सेल २००७ पासून अटींनुसार बेरीज करणारे ‘सम-इफ्स’ आहे, ते वापरणे सोपे. तारखेतून महिना काढून अट घालायची असेल, तर मात्र वरचीच रीत कामाची.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेला ‘ट्रू’ कधी कधी निव्वळ मजकूर असतो. त्याला दोन उणे चिन्हे लावल्यास ‘व्हॅल्यू’ एरर येते. तो ओळखू येतो : खरे तार्किक मूल्य सेलच्या मधोमध दिसते, मजकूर डावीकडे.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये ‘ट्रू’ मुळातच १ असतो, त्यामुळे ‘सम’ त्याला मोजते. एक्सेलचे मॅक्रो (कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएमध्ये ‘ट्रू’ची किंमत -१ आहे, तिथे अशी बेरीज उणे येते आणि चिन्ह काढून टाकावे लागते.