टॉमी : लंडनचा रॉक ऑपेरा आणि अरणगावचे मेहेरबाबा

द हू या ब्रिटिश बँडचा 'टॉमी' हा डबल अल्बम (दोन रेकॉर्ड, चार बाजू) मे १९६९ मध्ये आला आणि रॉक ऑपेरा (रॉक गाण्यांतून सांगितलेली सलग कथा) म्हटलं की आजही सगळ्यात आधी त्याचंच नाव निघतं. त्या अल्बमच्या श्रेयनामावलीत निर्माता, चित्रकार अशी नेहमीची नावं आहेतच, पण त्यांच्याच रांगेत 'अवतार : मेहेरबाबा' असंही छापलंय. हे मेहेरबाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले मेरवान शेरियार इराणी, ज्यांचा आश्रम अहमदनगरजवळ (आताचं अहिल्यानगर) अरणगावला आहे. आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्या पुष्कळ लोकांनाही हे माहीत नसतं आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा धागा सुटला की टॉमीची गोष्ट नुसती विचित्र वाटते, कळत नाही.

आधी बँडची परिस्थिती बघा. गिटार वाजवणारा आणि बहुतेक गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड, रॉजर डाल्ट्री, जॉन एंटविसल आणि कीथ मून हे चौघं स्टेजवर गिटार-ड्रम फोडायचे, त्यामुळे नाव झालं पण डोक्यावर कर्जही झालं, आणि १९६८ मध्ये सिंगल्स (सुट्या गाण्यांच्या रेकॉर्ड) पूर्वीसारखे चालेनात. मॅनेजर किट लँबर्ट हा संगीतकार कॉन्स्टंट लँबर्टचा मुलगा, म्हणजे घरातच ऑपेरा आणि बॅले, आणि तो टाउनशेंडच्या मागेच लागला होता की तीन मिनिटांच्या गाण्यांच्या पुढे जा. त्याच्याच आग्रहाने १९६६ मध्ये 'अ क्विक वन, व्हाइल ही'ज अवे' ही छोटी गाणी जोडून केलेली नऊएक मिनिटांची कथा झाली, पुढच्या वर्षी तसंच 'राएल' झालं. 'पहिला रॉक ऑपेरा कुठला' हा वाद लोक अजून घालतात, द प्रिटी थिंग्जचा 'एस. एफ. सॉरो' डिसेंबर १९६८ मध्ये म्हणजे टॉमीच्या आधीच आला होता, तेव्हा पहिलेपणाचा मान टॉमीला देऊ नये असं माझं मत आहे, त्याचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे.

ती गोष्ट म्हणजे मौन. टाउनशेंडला मेहेरबाबांबद्दल सांगितलं माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राने, ज्याने पुढे टॉमीचं ते निळं जाळीदार कव्हर काढलं. त्या काळात लंडनमध्ये एलएसडी हे ड्रग घेऊन देव भेटतो असं सांगणारे गल्लोगल्ली होते आणि टाउनशेंड स्वतः १९६७ मध्ये एका भयानक नशेच्या अनुभवानंतर त्यातून बाहेर पडला होता. मेहेरबाबा नेमकं ड्रग्जच्या विरोधात बोलत होते. बोलत होते म्हणजे, ते १० जुलै १९२५ पासून बोललेच नव्हते, आधी अक्षरांच्या फळ्यावर बोट ठेवून आणि नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी सगळं सांगायचे, आणि हे शेवटपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं चाललं. आता टॉमी बघा: बाप कॅप्टन वॉकर पहिल्या महायुद्धात बेपत्ता, मेला असं समजून आई दुसऱ्याबरोबर राहते, १९२१ मध्ये बाप अचानक परत येतो आणि त्या माणसाचा खून करतो. पोरगा हे सगळं आरशात बघतो आणि आईबाप त्याला दरडावतात की तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, कुणाला काही बोलायचं नाही. आणि पोरगा खरंच आंधळा, मुका, बहिरा होतो. बाहेरचं सगळं बंद, आत मात्र त्याला जे काही येतं ते संगीत म्हणून येतं. हे नुसतं आजारपण नाहीये, टाउनशेंडच्या डोक्यात हा आत्म्याचा प्रवास होता, आपण सगळेच असे आंधळे-बहिरे आहोत आणि जाग यायची आहे, हे तो तेव्हाच्या मुलाखतींमध्ये उघड सांगायचा.

रेकॉर्डिंग लंडनच्या आयबीसी स्टुडिओत सप्टेंबर १९६८ ला सुरू झालं आणि मार्च १९६९ पर्यंत रेंगाळलं. शनिवार-रविवार बाहेरगावी कार्यक्रम करायचे, त्या पैशातून स्टुडिओचं भाडं भरायचं, मग परत येऊन गाणी बदलायची. गोष्ट कुणालाच नीट समजेना म्हणून लँबर्टने सगळ्या कथेची पटकथाच लिहून छापून आणली आणि हातात दिली. त्याला मोठा ऑर्केस्ट्रा हवा होता पण टाउनशेंडने ऐकलं नाही, त्यामुळे सुरुवातीच्या 'ओव्हर्चर'मध्ये जे फ्रेंच हॉर्न ऐकू येतं ते एंटविसलने स्वतः वाजवलंय. पोराचा छळ करणारा चुलतभाऊ आणि त्याच्या अंगाशी चाळे करणारा काका ही दोन गाणी टाउनशेंडला लिहवेनात, तीही एंटविसलने लिहिली. लहानपणी टाउनशेंड काही काळ आजीकडे राहिला होता आणि तिथे जे भोगलं त्याबद्दल तो खूप वर्षांनी जाहीरपणे बोलला, त्यामुळे ही गाणी त्याच्या हातून का उतरली नाहीत ते आता कळतं.

आणि गोष्टीतला पिनबॉल, म्हणजे यंत्रात गोळी टोलवत गुण मिळवायचा खेळ? तो अगदी शेवटी घुसला. निक कोन हा तेव्हाचा वजनदार समीक्षक, त्याला कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं तर तो काही फार खूश झाला नाही, जरा जडच झालंय असं त्याचं मत. कोन पिनबॉलचा वेडा आहे हे टाउनशेंडला ठाऊक होतं, त्याने विचारलं की टॉमी पिनबॉलचा चॅम्पियन असला तर, आणि साहेबांचं मत तिथल्या तिथे फिरलं. त्यातून 'पिनबॉल विझर्ड' झालं, ती सुरुवातीची अकूस्टिक गिटार ऐका, हात थांबतच नाही, एकेक पायरी उतरत जाते आणि मग धाडकन इलेक्ट्रिक गिटार येते. मार्च १९६९ मध्ये ते सिंगल निघालं आणि ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरपर्यंत गेलं.

या सगळ्याच्या मध्येच, ३१ जानेवारी १९६९ ला, मेहेरबाबांनी पिंपळगावजवळच्या मेहेराझादला देह ठेवला. टाउनशेंडची त्यांच्याशी भेट कधी झालीच नाही, तो भारतात आला १९७२ मध्ये आणि अरणगावच्या टेकडीवर समाधीचं दर्शन घेऊन गेला. त्याआधी १९७१ मध्ये 'बाबा ओ'रायली' आलं होतंच, त्यातलं 'बाबा' कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

माझ्या मते अल्बमचा खरा गाभा चौथ्या बाजूला आहे. तिसरी बाजू संपता संपता आरसा फुटतो, टॉमी बरा होतो, आणि चौथ्या बाजूला लोक त्याला देव करतात, मग मठ वाढतो, तोच चाळे करणारा काका दारात माल विकायला बसतो, आणि गुरू भक्तांना सांगतो की डोळे-कान-तोंड बंद करून पिनबॉल खेळा म्हणजे तुम्हालाही मिळेल. भक्त चिडतात आणि त्याला झुगारून देतात. पश्चिमेकडचे कित्येक समीक्षक इथे गडबडले, त्यांना शेवट अर्धवट वाटला. पण संतही आणि बुवाबाजीही दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या जवळून बघितलेल्या मराठी माणसाला यात न कळण्यासारखं काय आहे? स्वतः एका गुरूचा भक्त असलेला माणूस गुरूच्या नावाने चालणाऱ्या दुकानाबद्दल इतकं सडेतोड लिहितो, याचं मला फार कौतुक वाटतं.

पुढचा पसारा मोठा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात पहाटे टॉमीतलं 'सी मी, फील मी' चालू असताना सूर्य उगवला, जून १९७० मध्ये बँड न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये वाजवून आला, १९७२ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची आवृत्ती निघाली. १९७५ च्या केन रसेलच्या सिनेमात एल्टन जॉन, टीना टर्नर सगळे आहेत पण तिथे युद्ध दुसरं आहे आणि खून बापाचाच होतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटक म्हणून आलं, टोनी पुरस्कार मिळाले, २०२४ मध्ये परत आलं. ब्रॉडवेवर शेवट घरच्यांच्या समेटाकडे वळवलाय आणि मला तो अजिबात पटत नाही, भक्तांनी झुगारलेला माणूस एकटा उरतो यातच जोर होता.

नव्याने ऐकणार असाल तर आधी १९६९ चा मूळ अल्बम सलग पंचाहत्तर मिनिटं ऐका, गाणी उचलून नको. मग फेब्रुवारी १९७० चा लीड्स विद्यापीठातला कार्यक्रम ऐका, स्टुडिओत जिथे जिथे हळुवारपणा आहे तिथे मून काय ड्रम वाजवतो ते कळेल.