सत्त्याऐंशी दिवसांची कोंबडी

अक्षय्य तृतीया ते गटारी. अधिक महिना मध्ये आला नाही, तर हे अंतर साधारण ८७ दिवसांचं. गोराईच्या मावशीने एका वर्षी हाच हिशेब धरून डझनभर पिल्लं आणली. पांढरी, 'बॉयलर'. (ब्रॉयलर म्हटलं तर मुंबईत कोंबडीवालाही वर बघतो.) चाळीस दिवसांत ती दोन किलोंवर गेली. "गटारीला वेळ आहे, वाढू देत," मावशी म्हणाली. त्या जूनमध्ये पाऊस लांबला. कोंबड्या फतकल मारून बसायला लागल्या, पाय वाकडे झाले आणि एका दुपारी तीन गेल्या.

दाणापाणी चुकलं नव्हतं, निवड चुकली होती. मुळात ब्रॉयलर ही एक जात नाही. कॉर्निश जातीचे भरदार छातीचे नर आणि प्लायमाउथ रॉक जातीच्या माद्या यांच्या वंशावळींतून पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेला तो संकर आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालचा जपून ठेवलेला वाण आणि २००५ सालचा ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी जुना भरला ९०५ ग्रॅम, नवा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, म्हणजे फरक रक्तातला. पण मांस ज्या वेगाने चढतं त्या वेगाने हाडं, हृदय आणि फुप्फुसं वाढत नाहीत. म्हणून हा पक्षी सहा आठवड्यांत कापायचा असतो, सणाची वाट बघायला ठेवायचा नसतो.

त्यात मुंबईची हवा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते, श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ होते आणि अंग निवतं. हवाच दमट असली की वाफ होणार कशी? झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्याच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते, त्यामुळे पहिला तोच कोसळतो.

मग गावठी? चिवट, उकिरड्यावर पोट भरणारी, खुडूक बसून स्वतःची पिल्लं काढणारी. पण ८७ दिवसांत किलोसुद्धा भरत नाही. पाच-सहा महिने लागतात. तिच्या मांसाचा चिवटपणा वयातून येतो: स्नायूंभोवतीच्या कोलॅजनचे धागे वयाबरोबर एकमेकांत घट्ट गुंफले जातात. मंद आचेवर तासभर शिजवलं की त्याच कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि वड्यांबरोबरच्या रश्श्याला अंग येतं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत हे जमत नाही. कडकनाथही हळू वाढणारा आणि लहानखुरा. जनुकांचा एक तुकडा जास्तीचा झाल्यामुळे रंगपेशी आतपर्यंत पसरतात, म्हणून त्याचं मांस काळं दिसतं. एवढ्यासाठी दुप्पट पैसे मी तरी मोजणार नाही.

सणाच्या हिशेबात बसतात त्या मधल्या, परसासाठी घडवलेल्या रंगीत कोंबड्या: हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज, बंगळुरूची गिरिराज. तीन महिन्यांत दीड किलोच्या आसपास, पाय मजबूत. फक्त पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत या साथीच्या रोगाची) लस चुकवू नये आणि खुराडं वारा खेळेल असं असावं. यांचीच अंडी उबवून पुढची पिढी मात्र तशीच निघत नाही. पिल्लं पुन्हा विकतच आणावी लागतात.

पुढच्या वर्षी मावशीने वनराज आणली. गटारीच्या आठवड्यात एक कोंबडा पहाटे चारला आरवायला लागला. शेजारी भांडायला आले, जेवायला थांबले.