पानावर तपकिरी डाग पडलाय? औषध मारायच्या आधी हे वाचा

आमच्याकडून मॉन्स्टेरा, अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली, कॅलॅथिया असं एखादं शोभेचं झाड घरी नेलं की कधी ना कधी एक फोटो येतोच, पानावर तपकिरी डाग पडलाय, काय मारू? बहुतेक वेळा आम्ही एवढंच सांगतो की आत्ता काहीच मारू नका, आधी डाग नीट बघा. डाग म्हणजे रोग नव्हे, ती नुसती खूण आहे. जास्त पाण्याने डाग पडतो, कमी पाण्याने पडतो, उन्हाने पडतो, बुरशीनेही पडतो, आणि यातल्या एकाचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर येतो. सुकलंय समजून कुजणाऱ्या मुळांना अजून पाणी घातलं तर झाड हातचं जातं.

आणि एक आधीच सांगून ठेवतो, तपकिरी झालेला भाग कुठल्याच औषधाने परत हिरवा होत नाही. तेवढा भाग मेलेला असतो. त्यामुळे उपाय लागू पडला की नाही ते जुन्या डागावर नका ठरवू, डाग पसरायचा थांबला का आणि नवीन पान स्वच्छ आलं का ते बघा.

यासाठी आम्ही स्वतः वापरतो ती पद्धत म्हणजे पेन. बारीक मार्कर घेऊन डागाच्या कडेने हलक्या हाताने रेघ ओढायची, शेजारी तारीख लिहायची आणि चार-पाच दिवस थांबायचं. डाग रेघेच्या आतच राहिला तर जे काही झालं ते होऊन गेलंय, एखाद दिवस कडक ऊन लागलं असेल किंवा झाड हलवताना पान दुमडलं असेल. डाग रेघ ओलांडून गेला तर कारण अजून चालू आहे, मग पुढे शोधायचं.

उन्हाचा डाग ओळखायला सोपा. खिडकीकडच्या पानांवरच येतो, आधी फिकट पांढरट, मग कागदासारखा कोरडा. नीट बघितलं तर कधी कधी वरच्या पानाची सावली पडते तेवढाच भाग हिरवा राहिलेला दिसतो, अगदी कापून काढल्यासारखा. झाड जरा मागे सरकवा किंवा मध्ये पातळ पडदा लावा, बाकी काही लागत नाही.

सगळ्यात जास्त झाडं जातात ती पाण्याने. डाग गडद, मऊ, भोवती पिवळेपणा, सुरुवात बऱ्याचदा खालच्या पानांपासून, आणि माती दोन पेरं खोल बोट घातलं तरी ओली. गोंधळ असा होतो की मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही झाड मान टाकतं आणि आपल्याला वाटतं तहान लागलीय. अशा वेळी झाड कुंडीतून सरळ बाहेर काढा, घाबरू नका. चांगलं मूळ पांढरं किंवा मळकट पिवळसर आणि कडक असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो, वास पण येतो. असली मुळं सगळी कापून टाका, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (पांढरे हलके खडे) घातलेली भुसभुशीत माती घ्या, कुंडी मोठी नको, उरलेल्या मुळांना बेताची हवी. बूड फुटलेलं म्हणजे भोक असलेलं पाहिजेच. आणि नवीन पान येईपर्यंत खत अजिबात नको, आजारी मुळांना खत सोसत नाही.

फक्त टोकं आणि कडा करपून कुरकुरीत झाल्या असतील तर पाणी कमी पडतंय, हवा कोरडी आहे किंवा मातीत क्षार साठलेत. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का बघा. दिसला तर कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी हळूहळू ओतून खालून वाहून जाऊ द्या. ड्रेसिना आणि स्पायडर प्लांटला पाण्यातलं फ्लोराइड बाधतं, ते पाणी रात्रभर उघडं ठेवून जात नाही, क्लोरीन जातं पण फ्लोराइड राहतं, या झाडांना पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या. पानांवर रोज फवारा मारायची सवय मात्र सोडा, त्याने हवेतला ओलावा थोडाच वेळ टिकतो आणि पानं ओली राहून बुरशीचं फावतं. झाडं एकमेकांजवळ ठेवा, तेवढ्याने थोडा फरक पडतो.

आता खरा रोग. बुरशीचा डाग साधारण गोल, भोवती पिवळं कडं, कधी आत वर्तुळात वर्तुळ. जिवाणूंचा डाग तेलकट, पाण्यात भिजल्यासारखा, बऱ्याचदा शिरांमध्ये अडून कोनेदार झालेला, पान उजेडासमोर धरलं की लगेच कळतं. दोन्हीत झाड लगेच बाजूला करा, डागाळलेली पानं कापा, प्रत्येक कापणीनंतर कात्री स्पिरिटने पुसा, पानं कंपोस्टमध्ये टाकू नका. पाणी फक्त मातीत घाला आणि हवा खेळती ठेवा. तांबेयुक्त बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणातच घ्या, ते चांगली पानं वाचवतं, डाग घालवत नाही. जिवाणूजन्य रोग खोडापर्यंत गेला तर ते झाड टाकून द्या असंच आम्ही सांगू, वाईट वाटतं, पण बाकीची झाडं वाचतात.

बारीक विटकरी ठिपके असतील तर पान उलटं करा, खाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर ठिपके चालायला लागले तर कोळी (जाळं विणणारा नेहमीचा कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड) किंवा फुलकिडे. पानं धुवा, मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि लिक्विड सोपचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, दर ७ दिवसांनी तीन वेळा, आणि आधी एका पानावर मारून बघा.

सगळी डागाळलेली पानं एकदम छाटू नका, एका वेळी एक तृतीयांशच्या वर नको, कारण अर्धं हिरवं पानही झाडाला जगवत असतं. डिफेनबाकिया कापताना हातमोजे घाला, चीक खाजतो, लहान मुलं आणि पाळीव प्राण्यांना लांब ठेवा.

तरी कळलं नाही तर आम्हाला फोटो पाठवा, पण फक्त डागाचा नको. पानाची वरची बाजू, खालची बाजू, माती आणि कुंडीचं बूड, आणि शेवटचं पाणी कधी घातलं ते.