अवरक्त सार्वत्रिक रिमोट (स्वयंबांधणीचा)

दूरचित्रवाणी संच, ध्वनिसंच, प्रोजेक्टर, वातानुकूलन यंत्र अशा निरनिराळ्या उपकरणांच्या रिमोटमधून निघणारे अवरक्त संकेत वाचून साठवणारे आणि हवे तेव्हा तेच संकेत पुन्हा सोडणारे, सिंगल बोर्ड संगणकाच्या आधारे स्वतः जुळवलेले साधन. सिंगल बोर्ड संगणक म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि जोडणीच्या पिना एकाच फलकावर असलेला, तळहातावर मावणारा संगणक. त्याच्या एका पिनेला अवरक्त रिसीव्हर, दुसरीला ट्रान्झिस्टरमार्फत अवरक्त एलईडी आणि या दोहोंमध्ये संकेतांचा हिशेब ठेवणारी आज्ञावली, एवढ्यावर हे साधन उभे राहते. त्यावर बटणे सहसा नसतात. आज्ञा वाय-फायवरून, मोबाईलच्या पडद्यावरून किंवा ठरवलेल्या वेळी आपोआप दिली जाते. ब्लूटूथ किंवा रेडिओ लहरींवर चालणारे रिमोट या साधनाच्या कक्षेत येत नाहीत.

पूर्वपीठिका : अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लावला, तरी रिमोटमध्ये त्याचा उपयोग होण्यास पावणेदोनशेच्या आसपास वर्षे जावी लागली. झेनिथ कंपनीचा १९५५ चा ‘फ्लॅश-मॅटिक’ रिमोट दृश्य प्रकाशावर चाले आणि संचावर ऊन पडले की तो आपणहून वाहिनी बदलत असे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्पेस कमांड’ने प्रकाश सोडून श्राव्यातीत ध्वनीचा आश्रय घेतला. १९६१-६२ च्या सुमारास टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये बियर्ड आणि पिटमन यांनी गॅलियम आर्सेनाइडचा अवरक्त एलईडी सिद्ध केला. तो पुरेसा स्वस्त झाल्यावर, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, अवरक्त रिमोटने इतर पद्धतींना मागे टाकले.

पहिला सार्वत्रिक रिमोट कोणता, याविषयी एकमत नाही. नॉर्थ अमेरिकन फिलिप्सच्या अभियंत्यांनी मे १९८५ मध्ये पेटंटासाठी केलेल्या अर्जाला बहुतेक ठिकाणी अग्रमान दिला जातो. उलट, ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअक यांच्या सीएल ९ या कंपनीने १९८७ मध्ये आणलेला ‘कोअर’ हा खऱ्या अर्थाने प्रोग्रॅम करता येणारा पहिला रिमोट होय, असेही मत मांडले जाते. दोन्ही मते वेगवेगळ्या गोष्टींना ‘सार्वत्रिक’ म्हणतात, हे वादाचे मूळ दिसते. अनेक उपकरणांचे संकेत कारखान्यातच भरून देणे हा एक प्रकार आणि मूळ रिमोटसमोर धरून संकेत शिकून घेणे हा दुसरा. स्वयंबांधणीच्या रिमोटची वंशावळ लावायची तर ती दुसऱ्या प्रकाराशी जुळते. म्हणून येथे ‘कोअर’ला अधिक महत्त्व द्यावेसे वाटते.

वाहक वारंवारता : रिमोटचा एलईडी नुसता लागत-विझत नाही. संकेतातील प्रत्येक झोत सेकंदाला साधारण ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकणारा असतो आणि रिसीव्हर त्या लुकलुकीलाच ओळखतो. ऊन आणि साधे दिवे यांचा संथ प्रकाश त्यामुळे आपोआप वगळला जातो. या लुकलुकीला वाहक आणि तिच्या वेगाला वाहक वारंवारता म्हणतात. तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटर असते. वातावरणातील बाष्प नेमक्या याच पट्ट्यातील सूर्यप्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते, हा एक फायदा; सिलिकॉनचा फोटोडायोड, म्हणजे प्रकाश पडताच विद्युत प्रवाह देणारा घटक, या तरंगलांबीला उत्तम प्रतिसाद देतो, हा दुसरा.

सर्वांत जास्त आढळणारा ३८ किलोहर्ट्झ हा आकडा कुठून आला, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एका स्पष्टीकरणानुसार दिव्यांच्या गोंगाटापासून दूर आणि फोटोडायोडच्या आवाक्यात राहील असा हा मधला प्रदेश निवडण्यात आला. दुसरे स्पष्टीकरण सुट्या भागांकडे बोट दाखवते. एएम रेडिओमध्ये ४५५ किलोहर्ट्झ ही आयएफ (मधल्या टप्प्याची) वारंवारता रूढ असल्यामुळे त्या मापाचे सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावून ठेका देणारे घटक, मुबलक आणि स्वस्त होते. ४५५ ला १२ ने भागले की ३७.९१७ मिळतात. या मताला संकेतातील कालमापनांचा भक्कम आधार मिळतो. एनईसी या जपानी कंपनीच्या संकेतपद्धतीत मूळ झोताचा अवधी ५६२.५ मायक्रोसेकंद धरतात आणि ४५५ किलोहर्ट्झच्या २५६ आवर्तनांना ५६२.६ मायक्रोसेकंद लागतात. सुरुवातीचा लांब झोत ९ मिलिसेकंदांचा, म्हणजे त्याच रेझोनेटरची ४,०९६ आवर्तने. दोन्ही आकडे दोनाचे घात असावेत हा योगायोग मानणे कठीण आहे. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीतही रेझोनेटरच्या ४३२ किलोहर्ट्झला १२ ने भागून ३६ किलोहर्ट्झ मिळतात आणि एका बिटचा १.७७८ मिलिसेकंदांचा अवधी त्या वाहकाच्या बरोबर ६४ आवर्तनांएवढा भरतो. वारंवारतेचा पट्टा गोंगाटाच्या विचाराने ठरला असेल, पण त्यातला नेमका आकडा रेझोनेटरने ठरवला, असे मानणे सयुक्तिक वाटते. पुढे प्रसार पावलेल्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या दिव्यांनी याच पट्ट्यात गोंगाट आणला, हेही पहिल्या मताच्या विरुद्धच जाते.

संकेतरचना : एनईसी पद्धतीत ९ मिलिसेकंदांचा झोत, ४.५ मिलिसेकंदांचा विराम आणि त्यानंतर ३२ बिट येतात : उपकरणाचा ८ बिटांचा पत्ता, त्याची उलट प्रत, ८ बिटांची आज्ञा आणि तिची उलट प्रत. प्रत्येक बिटमध्ये झोत सारखाच असतो. त्यामागचा विराम आखूड असला तर शून्य आणि तिप्पट लांब असला तर एक. बटण दाबून धरल्यास सगळा संकेत पुन्हा जात नाही, सुमारे दर ११० मिलिसेकंदांनी केवळ एक छोटा पुनरावृत्ती-संकेत जातो. सोनीच्या पद्धतीत वाहक ४० किलोहर्ट्झचा असतो, बिटचे मूल्य विरामाऐवजी झोताच्या लांबीवरून कळते आणि पूर्ण संकेत किमान तीनदा पाठवावा लागतो.

आरसी-५ मध्ये एक ‘टॉगल’ बिट असतो आणि बटण दर वेळी नव्याने दाबले की तो उलटतो. बटण दाबून धरले आहे की दोनदा दाबले आहे, हे उपकरणाला त्यावरून समजते. एकदा टिपलेला संकेत जसाच्या तसा पुन्हा पुन्हा सोडला तर हा बिट कधीच उलटत नाही, आणि वाहिनी क्रमांक ११ साठी १ दोनदा पाठवूनही संच तो एकदाच मोजतो. ‘रिमोट अर्धवट चालतो’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी जुळण्यांचे कारण एवढेच असते.

बांधणी : रिसीव्हर म्हणून टीएसओपी३८२३८ सारखा तीन पायांचा घटक वापरतात. फोटोडायोड, वर्धक, गाळणी आणि वाहक काढून मूळ संकेत वेगळा करणारा विमोडक हे सारे त्याच्या काळसर आवरणात असतात. त्याचा निर्गम (आउटपुट) उलटा असतो, म्हणजे झोत आला की पातळी खाली जाते. हा घटक २.५ ते ५.५ व्होल्टवर चालतो, परंतु रास्पबेरी पाय या सिंगल बोर्ड संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या असल्याने त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत. ५ व्होल्ट दिल्यास निर्गमही तितकाच चढतो आणि फलकाची पिन कायमची निकामी होऊ शकते. दिसायला सारख्या असणाऱ्या घटकांतही पायांचा क्रम बदलतो, म्हणून माहितीपत्रक पाहूनच जोडणी करावी. पुरवठ्याच्या वाटेवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवल्यास खोटे स्पंद कमी होतात.

प्रक्षेपणाच्या बाजूला एलईडी थेट पिनेला जोडणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. रास्पबेरी पायच्या एका पिनेतून १६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये, तर टीएसएएल६२०० सारख्या एलईडीला चांगल्या पल्ल्यासाठी १०० मिलिअँपिअर लागतात. म्हणून लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा २एन२२२२ सारखा एनपीएन ट्रान्झिस्टर मध्ये येतो. ५ व्होल्टमधून एलईडीचे १.३५ आणि ट्रान्झिस्टरचे सुमारे ०.२ वजा जाता ३.४५ व्होल्ट उरतात, तेव्हा ३३ ओहमचा रेझिस्टर योग्य ठरतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याच्या नियंत्रक टोकाला, ४७० ओहम दिल्यास पिनेवर साडेपाच मिलिअँपिअरचाच भार पडतो. बेस आणि ग्राउंड यांमध्ये १० किलोओहम जोडावेत, म्हणजे संगणक सुरू होताना पिन अधांतरी असली तरी एलईडी भलत्या वेळी लागत नाही. पल्ला प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट केला तरी अंतर दीडपटही होत नाही. त्यापेक्षा वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले दोन-तीन एलईडी बरे. भिंतीवरून परतलेला प्रकाशही बहुतेक खोल्यांत पुरतो. एलईडी चालतो की नाही हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते. तो फिकट जांभळा दिसतो. काही कॅमेऱ्यांत अवरक्त गाळणी तीव्र असते, अशा वेळी समोरचा कॅमेरा वापरून पाहावा.

आज्ञावली : लिनक्स या संगणकप्रणालीवर अवरक्त संकेत हाताळण्याची परंपरा सिंगल बोर्ड संगणकांपेक्षा जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या एलआयआरसी प्रकल्पात हौशी लोक संगणकाच्या सीरियल पोर्टवरच रिसीव्हर आणि एलईडी जोडत. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीस आल्यावर हीच परंपरा त्याच्या पिनांवर उतरली. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ४.१९ आवृत्तीच्या सुमारास रास्पबेरी पायवरचे जुने एलआयआरसी ड्रायव्हर जाऊन जीपीआयओ-आयआर हा नवा ड्रायव्हर आणि त्याचा प्रक्षेपक जोडीदार आले, त्यामुळे त्याआधी लिहिलेल्या सूचना आज जशाच्या तशा चालत नाहीत.

३८ किलोहर्ट्झचे एक आवर्तन २६ मायक्रोसेकंदांचे असते आणि लिनक्स ही काटेकोर वेळ पाळणारी प्रणाली नव्हे. साधा प्रक्षेपक-ड्रायव्हर इंटरप्ट, म्हणजे इतर कामांचे मध्येच येणारे व्यत्यय, बंद करून प्रोसेसरला त्या एकाच कामाला जुंपतो. छोट्या संकेतांना हे चालून जाते, लांबलचक संकेतांना खटकते. पीडब्ल्यूएम (स्पंदरुंदी नियंत्रण) पद्धतीत वाहक हार्डवेअरच तयार करते आणि आज्ञावलीला झोताचा आरंभ व शेवट एवढेच सांभाळावे लागते. रास्पबेरी पायवर या कामासाठी जीपीआयओ (जोडणीच्या पिनांपैकी) १८, म्हणजे फलकावरील बारावी पिन, सोयीची पडते. वेळेचे काम मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एकाच कामाला वाहिलेल्या छोट्या नियंत्रक चिपवर, सोपवून संगणकाने फक्त आज्ञा द्यावी, असा विचारही प्रबळ आहे आणि एकाहून अधिक खोल्यांसाठी तोच व्यवहार्य दिसतो.

कच्ची नोंद आणि उलगडलेला संकेत : शिकलेला संकेत झोत-विरामांच्या अवधींची यादी म्हणून जपायचा की पद्धत ओळखून पत्ता व आज्ञा एवढेच ठेवायचे, यावर दोन पक्ष आहेत. कच्ची नोंद अनोळखी पद्धतीलाही लागू पडते, हे तिचे बळ. मात्र तीन पायांचा रिसीव्हर वाहक गाळून टाकतो, त्यामुळे मूळ संकेत ३६ चा होता की ४० चा हे नोंदीत उरत नाही. शिवाय तो झोत थोडे लांबवतो आणि विराम तेवढेच आखडतो. अशी नोंद ३८ किलोहर्ट्झवर सोडली तर जवळून काम होते आणि थोड्या अंतरावरून अडते. वाहक जसाच्या तसा पोहोचवणारे टीएसएमपी५८००० सारखे वेगळे रिसीव्हर शिकण्यासाठी मिळतात. पद्धत ओळखली गेली की मात्र वाहक, अवधी, टॉगल बिट आणि पुनरावृत्ती हे सर्व प्रमाणानुसार नव्याने घडवता येते. जेथे उलगडा शक्य आहे तेथे कच्ची नोंद ठेवण्याचे कारण उरत नाही.

वातानुकूलन यंत्रे : येथे बटणागणिक एक संकेत ही कल्पनाच कोसळते. वातानुकूलन यंत्राचा रिमोट बहुधा ‘तापमान एक अंशाने वाढव’ असे सांगत नाही. तापमान, कार्यप्रकार, पंख्याचा वेग, झडपेची स्थिती अशी संपूर्ण अवस्था तो प्रत्येक दाबेसरशी पाठवतो आणि शेवटी संकेतातील चूक ओळखण्यासाठी पडताळा-बेरीज जोडतो. संकेत सहज शंभर बिटांच्या पुढे जातो. २४ अंश, थंड, मंद पंखा या अवस्थेची नोंद घेतली तर तेवढी एकच अवस्था हाती लागते. सर्व जोड्या शिकवणे अशक्यप्राय असल्याने बिटांची मांडणी समजून घेऊन संकेत स्वतः रचावा लागतो. आयआररिमोट-ईएसपी८२६६ या मुक्त आज्ञावली-संग्रहात (लायब्ररी) अनेक कंपन्यांच्या मांडण्या उलगडून ठेवलेल्या आहेत आणि त्या सिंगल बोर्ड संगणकावरील आज्ञावलीलाही मार्गदर्शक ठरतात.

रिमोटवरचा छोटा पडदा यंत्राची स्थिती दाखवतो असे वाटते. वस्तुतः ती रिमोटने स्वतः लक्षात ठेवलेली स्थिती असते. अवरक्त दुवा एकमार्गी आहे, यंत्राकडून उत्तर येत नाही. चालू-बंद एकाच बटणावर असलेल्या दूरचित्रवाणी संचांनाही हीच अडचण भोवते : संच आधीच चालू असेल तर ‘चालू कर’ म्हणून सोडलेला संकेत त्याला बंद करतो. काही संच चालू आणि बंद यांचे स्वतंत्र संकेत ओळखतात, पण त्यांच्या रिमोटवर ती बटणे नसतात. पद्धत उलगडली असेल तर आज्ञांचे आकडे क्रमाने पाठवून असे संकेत शोधता येतात. याच कारणाने रिसीव्हर शिकण्यापुरता जोडून मग काढून टाकणे योग्य नाही. तो कायम जागेवर राहिला तर घरातील कोणी मूळ रिमोट वापरला तरी तो संकेत संगणकालाही ऐकू येतो आणि त्याच्याजवळची अवस्थेची नोंद त्याबरहुकूम दुरुस्त होते.