सहा माणसं, दोन लिटर पाणी आणि एक बंद खोली

कड्याच्या टोकावर टेकवलेली काचेची पेटी, आत पिवळा उजेड, बाहेर बर्फ. ट्रेकर्ससाठीच्या छोट्या निवाऱ्यांची अशी चित्रं हल्ली सारखी समोर येतात आणि खाली ‘शंभर टक्के पर्यावरणपूरक’ असं लिहिलेलं असतं. असं चित्र दिसलं की मी आधी एकच गोष्ट शोधतो : हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते? बहुतेक वेळा ती वाट दाखवलेलीच नसते.

निवारा जितका घट्ट बंद, तितका चांगला, हा समज फार जुना आहे. प्रत्यक्षात उंचावरचा छोटा निवारा बाहेरच्या थंडीपेक्षा आतल्या ओलीने लवकर खराब होतो.

साधा हिशेब करू. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम बाष्प सोडतो. सहा माणसं आठ तास झोपली, तर जवळजवळ दोन लिटर पाणी. आता हवेची झोळी किती मोठी ते बघा. एक घनमीटर हवा २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरते, १० अंशांना साडेनऊच्या आसपास, शून्याला पाचाच्या आत आणि उणे १० अंशांना जेमतेम सव्वादोन. सहा जणांच्या निवाऱ्यात २० घनमीटर हवा आणि तापमान १० अंश धरलं, तर सगळी हवा मिळून १९० ग्रॅमच्या पुढे बाष्प धरू शकत नाही. माणसं तर तासाला २४० ग्रॅम सोडताहेत! अगदी कोरड्या हवेपासून सुरुवात केली तरी पाऊण तासात झोळी भरते. त्यानंतरचा प्रत्येक ग्रॅम जिथे गार जागा सापडेल तिथे पाणी होऊन बसतो.

ही गार जागा मी एका जुन्या निवाऱ्यात पहाटे टॉर्चच्या उजेडात पाहिली आहे. लाकडी भिंत कोरडी दिसत होती, पण तिच्यातल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर बर्फाची पांढरी टोपी होती. भिंतीआडचा सांगाडा कुठून कसा गेलाय, ते त्या पांढऱ्या ठिपक्यांवरून बोटाने गिरवता येत होतं. पोलाद लाकडापेक्षा सुमारे चारशे पट सहज उष्णता वाहून नेतं. त्यामुळे आरपार गेलेला एकेक बोल्ट म्हणजे बाहेरच्या थंडीने आत घातलेलं बोट. त्याचं डोकं दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याच्या, खाली जातं आणि बाष्प तिथे गोठतं.

दिसणारं दव पुसता येतं. खरा घात होतो भिंतीच्या पोटात. बाष्प जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे आतून बाहेर, फटींमधून आणि चक्क लाकडातूनही झिरपत जातं. आतला पृष्ठभाग १० अंशांवर आणि बाहेरचा उणे १० वर असेल, तर मध्ये कुठेतरी दवबिंदू गाठला जाणारच आणि तिथे नेमका उष्णतारोधक थर असतो. हा थर काम करतो तो त्यात अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता सुमारे पंचवीस पट सहज निसटते. पाण्याचा बर्फ झाला तर नव्वद पट. थर ओला झाला की भिंत आणखी गार होते, आणखी दव धरते, आणखी ओली होते. म्हणून बाष्परोधक पडदा भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूला हवा आणि बाहेरच्या पत्र्याच्या मागे वारा खेळायला फट हवी. पडदा चुकून बाहेरच्या बाजूला लागला, की भिंत म्हणजे बाटलीत कोंडलेली ओल.

मग हवा बदलत ठेवायची. बाहेरची उणे १० अंशांची हवा आत येऊन १० अंशांना तापली, की प्रत्येक घनमीटर सुमारे सात ग्रॅम बाष्प उचलून नेऊ शकतो. २४० ग्रॅमसाठी तासाला ३४ घनमीटर हवा लागेल आणि ती तापवायला जवळपास २५० वॅट. झोपलेल्या सहा जणांची भिंती-हवेला मिळणारी कोरडी (बाष्पात न गेलेली) उष्णता ३०० वॅटच्या आसपास. उरलेल्या पन्नास वॅटमध्ये सगळ्या भिंती, छत आणि जमीन १० अंशांवर राखणं कुठल्याच साहित्याला जमणारं नाही. म्हणजे चूल नसलेला, हवेशीर निवारा उबदार राहूच शकत नाही. ऊब स्लीपिंग बॅगने द्यायची, निवाऱ्याने वारा अडवायचा आणि कोरडं राहायचं. माझ्या मते डिझाइनचा सगळा कस इथे लागतो.

टिकाऊपणाचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. आल्प्समधल्या मॉन् ब्लां परिसरातला जेर्वासुत्ती बिवॅक, म्हणजे गिर्यारोहकांचा छोटा निवारा (२०११), आणि स्लोव्हेनियातल्या स्कुता पर्वतावरचा बिवॅक (२०१५) तयार भागांमध्ये हेलिकॉप्टरने वर नेऊन बसवले. जागेवर कमी खणायचं, मोजक्या बिंदूंवर खडकाला धरायचं, ही पद्धत उत्तमच. पण कुजलेली भिंत बदलायची तर तेच हेलिकॉप्टर पुन्हा उडवावं लागतं. वाऱ्याचं गणित तुलनेने सरळ आहे : वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणून निवाऱ्याला खडकाशी धरून ठेवणारे नांगर भक्कम हवेत.

हवा कोंडण्याचा दुसरा धोका दिसतही नाही. सहा झोपलेली माणसं २० घनमीटर बंद हवेत तासाभरात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्या दहापट करतात. त्यात कुणी स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड, हा वास नसलेला विषारी वायू. त्याने डोकं दुखणं, छातीवर दडपण, पावलांचे भास… असं होणाऱ्या जागांना ‘झपाटलेली’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी १९२१ची एक नोंद जरूर लक्षात ठेवावी. डॉ. विल्यम विल्मर यांनी एका नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली. घरात भुतं वावरतात असं त्या कुटुंबाला वाटत होतं. कारण निघालं घर तापवायची बिघडलेली भट्टी आणि तिचा घरात पसरणारा, कार्बन मोनॉक्साइड असलेला धूर.

म्हणून एक झरोका खाली हवा आणि एक वर. तापलेली हलकी हवा वरून निघते, गार हवा खालून आत येते, पंखा किंवा वीज लागत नाही. अडचण माणसांची आहे. पहाटे दोन वाजता पायाला गार झुळूक लागली, की कुणीतरी उठून झरोक्यात मोजा कोंबतं. मीही कोंबला आहे आणि सकाळी बॅग ओलीचिंब झालेली पाहिली आहे. त्यामुळे खालचा झरोका बाकाच्या मागे, आडव्या फळीआड, हात पोचणार नाही अशा जागी ठेवावा. हवा फळीवर आपटून पसरते, झुळूक थेट अंगावर येत नाही आणि मोजा कोंबायला भोकही सापडत नाही.