जपानी शिव्या: झिजलेला मान आणि बौद्ध धर्मातली भुतं

आपल्याकडं शिवी म्हटलं की गाडी थेट आई-बहिणीवर जाते, जपानीत तसल्या शिव्या फारशा नाहीत, म्हणून बरेच जण म्हणतात की जपानी लोक शिव्याच देत नाहीत. साफ चूक. तिथं समोरच्याची पायरी खाली आणली की झाली शिवी, आणि ते काम कित्येकदा नुसतं सर्वनामच करतं.

'किसामा' हा शब्द बघा. 'की' म्हणजे मौल्यवान, 'सामा' म्हणजे आपलं 'साहेब'. एदो काळाच्या (१६०३-१८६८) सुरुवातीला सामुराई पत्रात समोरच्याला मानानं असं लिहायचे, मग शब्द पत्रातून बोलण्यात आला, सगळ्यांच्या तोंडी बसला आणि वापरून वापरून त्यातला मान पार झिजला, आज कुणाला 'किसामा' म्हणालात तर समजा भांडण पेटलंच. 'ओमाए' म्हणजे 'तू', तो पण आधी आदराचाच. 'तेमे'ची गंमत वेगळी, तो मुळात नम्रपणे स्वतःला म्हणायचा शब्द, नंतर समोरच्यावर उलटला. आणि एवढ्यानं भागलं नाही तर क्रियापदाला 'यागारु' जोडायचं, 'नानी शितेरु' म्हणजे काय करतोयस, 'नानी शितेयागारु' म्हटलं की तेच वाक्य अंगावर धावून येतं.

बाकीचा माल बौद्ध धर्मातून आलाय, आणि इथं आपला धागा जुळतो! चिडल्यावर तोंडातून निघतं ते 'चिकुशो' म्हणजे जनावर, पापामुळं ज्या पशुयोनीत जन्म मिळतो ती. 'गाकी' म्हणजे संस्कृतमधलं प्रेत, कायम भुकेलेलं भूत, आणि सारखं खायला मागतात म्हणून कार्ट्यांनाच गाकी म्हणायला लागले. 'बाका' म्हणजे मूर्ख, हा शब्द संस्कृत 'मोह'वरून भिक्षूंच्या बोलीतून आला असं एक मत आहे, त्यावर वाद अजून चालूय.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते ओसाकाच्या एका टीव्ही कार्यक्रमानं केलेलं काम. तोक्योत 'बाका', ओसाकात 'आहो', मग हद्द नेमकी कुठं, असा प्रश्न एका प्रेक्षकानं पाठवला आणि त्यांनी देशभरच्या पालिकांना प्रश्नावल्या धाडून १९९१ मध्ये नकाशाच तयार केला. निघालं काय, तर मूर्खासाठीचे शब्द जुन्या राजधानीभोवती, क्योतोभोवती, गोल गोल पसरलेत. मध्यभागी 'आहो', आणि 'बाका' पूर्वेला तोक्योकडं तसाच पश्चिमेला क्युशूतही. राजधानीत नवी शिवी निघाली की जुनी बाहेर सरकत जायची. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९२७ मध्येच गोगलगायीच्या नावांवरून हे मांडलं होतं. म्हणूनच ओसाकाच्या माणसाला मित्र 'आहो' म्हणाला तर तो हसतो, 'बाका' मात्र झोंबतं, आणि तोक्योत बरोब्बर उलटं.