अपघातात घरचा माणूस गेला तर भरपाई कुठे मागायची: मुदती, पात्रता आणि कागदपत्रे

“पोलीस केस चालू आहे, निकाल लागला की पैसे मिळतील.” दाव्यांच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता पहिला प्रश्न मीच विचारतो: तुम्ही स्वतः अर्ज कुठे केला आहे का? बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असते. तोवर वर्षश्राद्धही झालेले असते.

पोलीस केस ही सरकारने आरोपीविरुद्ध चालवलेली असते. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदवला जातो (आधी तो भारतीय दंड विधानाच्या कलम ३०४-अ खाली असे), आणि त्यात ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा झाली तरी घर चालवायला पुरेल अशी रक्कम त्या खटल्यातून सहसा येत नाही. भरपाईची वाट वेगळी आहे. तिच्यासाठी वारसांनी स्वतः अर्ज करावा लागतो आणि फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. चालक निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप बुडतही नाही. खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, दाव्यात मात्र काय घडले असण्याची शक्यता जास्त आहे एवढेच पाहिले जाते.

अर्ज कुठे करायचा हे मृत्यू कसा झाला त्यावर ठरते. मुदतही त्यावरच ठरते.

रस्त्याशिवायच्या वाटा

रेल्वेतून पडून किंवा गाडीत चढता-उतरता मृत्यू झाला असेल तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जायचे. महाराष्ट्रात त्याची खंडपीठे मुंबई आणि नागपूरला आहेत. मुदत १ वर्ष, मृत्यूची भरपाई ८ लाख रुपये. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, पण मृत व्यक्ती प्रवासी होती हे दाखवावे लागते. तिकीट सापडले नाही म्हणून अर्ज करायचेच सोडून देणारे बरेच असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले की केवळ तिकीट न सापडणे हा दावा फेटाळण्याचा आधार नाही. वारसांनी तसे प्रतिज्ञापत्र दिले की पुढे सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. रूळ ओलांडताना गेलेल्यांना मात्र ही भरपाई मिळत नाही, आत्महत्येतही नाही.

कामावर असताना, कामामुळे मृत्यू झाला असेल तर आधी पाहायचे की माणसाच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता का. जात असेल तर अवलंबितांना निवृत्तिवेतनासारखा नियमित लाभ मिळतो. नसेल तर मालकाकडून कामगार भरपाई मागता येते, त्यासाठी मुदत २ वर्षे. कामावरचा मृत्यू रस्त्यावर झाला असेल, म्हणजे मालकाचा ट्रक चालवताना वगैरे, तर कामगार भरपाई आणि मोटार अपघात दावा यांपैकी एकच निवडावा लागतो. इथे घाई करू नये, दोन्हीकडच्या रकमांचा हिशोब मांडूनच ठरवावे.

उपचारातील हलगर्जीपणासाठी ग्राहक आयोग, मुदत २ वर्षे. रुग्णालयाला दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोगाकडे तक्रार करायची. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, तिथे दिवाणी दावा हाच मार्ग. केसपेपरच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. नोंदणीकृत डॉक्टरने त्या ७२ तासांत द्यायच्या असतात, आणि या दाव्यांचा सगळा डोलारा त्या कागदांवरच उभा असतो.

विजेची तार तुटून पडणे, बांधकाम कोसळणे, उघडा खड्डा, असे काही घडले असेल तर १८५५ चा घातक अपघात कायदा आजही कामी येतो. कायदा ब्रिटिश काळातला, पण जिवंत आहे. दिवाणी न्यायालयात दावा करायचा आणि मुदत मृत्यूपासून २ वर्षे. पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठीच तो करता येतो, भावंडांना त्यात जागा नाही. विजेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाची भूमिका कडक आहे. धोकादायक वस्तू पुरवणाऱ्याची जबाबदारी त्याची चूक दाखवली नाही तरी राहते, असे २००२ मध्ये न्यायालयाने सांगितले. अशा प्रकरणांत पोलीस बऱ्याचदा फक्त ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद करतात. गुन्हा नोंदवला नाही म्हणजे दावा नाही, असा अर्थ त्यातून काढू नका.

रस्ता अपघात

सर्वाधिक प्रकरणे इथली, आणि सर्वाधिक गोंधळही इथलाच. अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो तिथे किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, यांपैकी कुठेही तो करता येतो. पुण्याजवळ अपघात झाला आणि कुटुंब लातूरला राहत असेल तर लातूरलाच अर्ज करा. तारखांना हेलपाटे घालणे कुणालाच परवडत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांची मुदत लागू झाली. त्याआधी बरीच वर्षे मुदतच नव्हती, म्हणून ‘कधीही करता येतो’ असे सांगणारे जुने जाणकार गावोगावी अजून भेटतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. पण त्या भरवशावर बसू नका, ६ महिनेच धरून चाला.

अर्ज कोण करू शकतो? कायदा ‘कायदेशीर प्रतिनिधी’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ न्यायालयांनी बराच मोकळा ठेवला आहे. पत्नी, मुले, आईवडील तर आहेतच. कमावती सज्ञान मुले, विवाहित मुलगी, काही प्रकरणांत भाऊसुद्धा. सगळ्या वारसांनी मिळून एकच अर्ज करायचा. कुणी सोबत यायला तयार नसेल तर त्याला जाबदार (म्हणजे अर्जातला समोरचा पक्ष) म्हणून दाखवायचे, वगळायचे नाही. सासू-सुनेचे पटत नाही म्हणून दोन वेगळे अर्ज दाखल झाले की प्रकरण हमखास लांबते.

जाबदार म्हणून वाहनाचा मालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांना घालायचे. गाडी एसटीची असेल तर महामंडळाला. दोन वाहनांची टक्कर होऊन त्यात प्रवासी गेला असेल तर दोघांपैकी कुणाहीकडून पूर्ण भरपाई मागता येते. चूक कुणाची किती, हे ते आपापसात पाहून घेतील. चालकाकडे परवाना नव्हता, अशी कारणे विमा कंपनी पुढे करते. अशा प्रकरणांत बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते.

आता मोटार वाहन कायद्याच्या दोन कलमांमधला फरक, कारण सही इथेच चुकते. कलम १६४ खाली मृत्यूसाठी ठरावीक ५ लाख रुपये मिळतात आणि चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कलम १६६ खाली चूक दाखवावी लागते, पण रक्कम माणसाच्या उत्पन्नावर निघते आणि सहसा बरीच मोठी असते. कायद्यातच म्हटले आहे की विमा कंपनीशी तडजोड करून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली तर कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. त्यामुळे ‘लगेच ५ लाख देतो’ असा निरोप आला तर हिशोब केल्याशिवाय सही करू नका. चूक पूर्णपणे मृत चालकाचीच असेल, तर मात्र कलम १६६ चा उपयोग नाही. मग त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतले १५ लाखांचे मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण शोधा. ते वेगळे असते आणि बहुतेक घरांना माहीतच नसते.

धडक देऊन वाहन पसार झाले आणि त्याचा शोधच लागला नाही, तर मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. हा अर्ज न्यायालयात नाही, तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. मंजुरी जिल्हा पातळीवर होते आणि पैसे जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून थेट बँक खात्यात येतात.

रक्कम कशी निघते

एक हिशोब मांडून दाखवतो. ३४ वर्षांचा माणूस, स्वतःचा टेम्पो चालवून महिन्याला २०,००० रुपये कमावत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे उत्पन्न २,४०,०००. वय ४० पेक्षा कमी आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातील वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी या रकमेचा एक चतुर्थांश वजा: २,५२,०००. याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचे; वय ३१ ते ३५ असेल तर गुणक १६. झाले ४०,३२,०००. त्यावर अंत्यविधीचा खर्च आणि पत्नी, मुले, आई यांना सहवास गमावल्याबद्दलच्या ठरावीक रकमा. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिली आहे. हातात ५ लाख घेऊन घरी जाणाऱ्याने हा आकडा एकदा शेजारी ठेवून पाहावा.

अविवाहित मुलगा असेल तर साधारणपणे निम्मे वजा होते. नोकरी कायम असेल आणि वय ४० च्या आत असेल तर वाढ ५० टक्के धरतात. गृहिणीच्या मृत्यूत ‘ती कमावत नव्हती’ हे म्हणणे आता चालत नाही. तिच्या कामाचे मोल धरून भविष्यातील वाढसुद्धा द्यावी, असे २०२१ च्या कीर्ती प्रकरणात न्यायालयाने सांगितले. एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते कापले जात नाहीत, कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. ही भीती बाळगून पॉलिसी लपवणारे लोक मी पाहिलेत. लपवण्याची काही गरज नाही.

कागद

पोलिसांकडून: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाचे आरसी पुस्तक, विमा पॉलिसी आणि चालकाच्या परवान्याच्या प्रती. २०२२ च्या नियमांनुसार तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्या अहवालालाच अर्ज मानण्याची तरतूदही आहे. कागदोपत्री छान आहे. तरीही तुमचा अर्ज तुम्ही कराच, आणि पोलीस ठाण्यातून नकला लेखी मागून पोच घ्या.

पंचनाम्याची प्रत हातात आली की आधी वाहनाचा क्रमांक वाचा, मग तारीख-वेळ, मग रस्त्याची दिशा. एका आकड्याची चूक असेल तर विमा कंपनीचा वकील ‘हे आमचे वाहनच नव्हे’ इथून सुरुवात करतो. चूक दिसली तर त्याच आठवड्यात पोलिसांना लेखी कळवा.

घरचे कागद: मृत्यू दाखला, सगळ्या वारसांचे आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढा. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. एका वर्षाच्या फरकानेही गुणक बदलतो आणि रक्कम लाखांनी खाली-वर होते.

उत्पन्नाचा पुरावा हे खरे दुखणे. नोकरदाराचे सोपे: पगारपत्रक, फॉर्म १६. शेतकऱ्याचा सातबारा, बाजार समितीच्या किंवा साखर कारखान्याच्या पावत्या. टेम्पोवाल्याची भाड्याची वही, गाडीच्या कर्जाचे हप्ते, दुकानदाराचा परवाना, बँकेतल्या जमा रकमा. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास उत्पन्न धरते आणि खरी कमाई हवेत जाते. म्हणून ती वही रद्दीत जाण्याआधी बाजूला काढून ठेवा.

आणखी एक. दिवसकार्याच्या गडबडीत समोरच्या गाडीमालकाची माणसे येतात, ‘आपसात मिटवून टाकू’ म्हणतात, ५० हजार टेकवतात आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतात. त्या कागदाने पोलीस केस संपत नाही, कारण कलम १०६ चा गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही. पण दाव्याच्या उलटतपासणीत तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो.

निकालानंतर

भरपाईवर व्याज मिळते, सहसा अर्जाच्या तारखेपासून. निकालानंतर ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. अज्ञान मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून राहतो, मध्येच शिक्षणासाठी वगैरे लागला तर न्यायाधिकरणाची परवानगी घेऊन काढता येतो. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. लोकअदालतीत तडजोड केलीत तर मात्र अपील नाही, तिथला निवाडा अंतिम. पैसे लवकर मिळतात हे खरे, पण वरच्या हिशोबाचा कागद खिशात ठेवूनच तिथे बसा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर अर्ज करणारी प्रत्येक पत्नी त्यात बसते. जाण्याआधी विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. सोबत एफआयआरची प्रत आणि मृत्यू दाखला एवढे नेले तरी पहिल्या भेटीत काम सुरू होते, बाकीचे कागद नंतर जोडता येतात.